वॅक्सी गव्हाचा संकर: ९६ दाणे कापले, एकही तांबूस नाही. चुकलं कुठे?

नमस्कार मंडळी. पदव्युत्तर प्रकल्पासाठी वॅक्सी गहू, म्हणजे ज्याच्या स्टार्चमध्ये अमायलोज जवळपास नसतं असा गहू, मिळवायचा प्रयत्न चालू आहे. अडकलोय.

गव्हात अमायलोज बनवणारी वॅक्सी जनुकं तीन: ए१, बी१, डी१. तिन्ही बंद हवीत. माझ्या एका वाणात वॅक्सी-ए१ आणि बी१ ही जनुकं निष्क्रिय, दुसऱ्यात फक्त डी१. (१९९५ साली जपानी संशोधकांनी कांतो १०७ आणि बाई हुओ या गव्हाच्या वाणांच्या संकरातून हेच केलं होतं, मी त्याच वाटेने चाललोय.) एफ१ (संकराची पहिली पिढी) झाडावरचे ९६ दाणे अर्धे कापून आयोडीन लावलं (वॅक्सी दाणा तांबूस होतो, साधा निळा-काळा), भ्रूणाकडचा अर्धा भाग पेरायला जपून ठेवलाय. सगळे निळे-काळे! सर म्हणतात, संकरच फसला असेल, पुन्हा कर. म्हणजे अख्खा हंगाम पाण्यात.

शिवाय बी१ हे ७बी गुणसूत्रावर नसून ४ए वर आहे असं वाचलं. त्याने वॅक्सी दाण्यांचं अपेक्षित गुणोत्तर बिघडतं का?

प्रतिसाद १
नाही बिघडत. ७बी चा तुकडा फार पूर्वी ४ए ला जाऊन चिकटला, इतकंच. ७ए, ४ए आणि ७डी ही तिन्ही गुणसूत्रं वेगळीच, त्यामुळे जनुकं स्वतंत्रपणे वाटली जातात. तिन्ही निष्क्रिय असलेलं युग्मक (परागातली किंवा बीजांडातली प्रजनन पेशी) १/८, दोन्ही बाजूंनी तसंच यायला हवं, म्हणून दाणा १/६४. ९६ दाण्यांत एकही न सापडण्याची शक्यता जवळपास २२ टक्के निघते. एवढ्यावर संकराला फसवा ठरवू नका. ९५ टक्के खात्री हवी तर १९० दाणे कापा.

आणि एक-दोन जनुकं बंद असली तरी उरलेलं एक अमायलोज बनवतंच, दाणा निळाच दिसतो. म्हणजे तुमच्या निळ्या दाण्यांत बरंच काही दडलेलं असेल.

प्रतिसाद २
रंग फक्त भ्रूणपोषात (दाण्याच्या आतल्या पिठूळ भागात) बघताय ना? सालीतलं आणि भ्रूणातलं स्टार्च दुसरं जनुक बनवतं, ते वॅक्सी दाण्यातही निळं होतं. मी एकदा यात फसलोय.
एफ१ च्या पानाचा डीएनए उरला असेल तर तिन्ही जनुकांच्या जागांचं पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती काढून तपासणं) करा. दोन्ही वाणांच्या पट्ट्या दिसल्या की संकर खरा.

धागाकर्ता
पान फ्रीजरमध्ये आहे! पीसीआर लावतो. दोन जनुकं पूर्ण बंद आणि तिसरं अर्धवट (एक प्रत चालू, एक बंद) असं एफ२ रोप, म्हणजे या दाण्यांतून उगवलेलं, सापडलं, तर त्याच्या दाण्यांत १/४ वॅक्सी मिळतील, बरोबर?

प्रतिसाद १
बरोबर. उरलेले अर्धे दाणे फेकू नका.