कोकणातलं खुराडं: चिऱ्याचं बंद की जाळीचं उघडं?

खाडीकाठ:
राजापूर तालुक्यात परसदारी आमच्या चौदा गावठी कोंबड्या. खुराडं आजोबांच्या वेळचं. चारी बाजूंनी चिरा, म्हणजे जांभा दगड, पुढे रात्री लावायची फळी, वर दहा वर्षांपूर्वी घातलेला पत्रा. या मे महिन्यात एका रात्रीत तीन कोंबड्या गेल्या. आधी मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची शंका आली, पण बाकीच्या ठणठणीत होत्या. फळी काढल्यावर आतून जी वाफ आणि उग्र वास आला, त्याने डोळ्यांना पाणी आलं.

कोंबडीला घाम येत नाही. अंगाचं तापमान मुळातच ४१-४२ अंश. उष्णता बाहेर टाकायची ती चोच उघडून धापा टाकत, श्वासातल्या बाष्पावाटे. आपल्याकडे हवाच चिंब, त्यात बंद खोलीत चौदा जिवांचे श्वास आणि ओली विष्ठा. मग बाष्प उडणार कसं? समोरासमोरच्या दोन भिंती गुडघ्यापर्यंत ठेवून वर जाळीच हवी, असं माझं ठाम मत झालंय.

चिरेबंदी:
माझा विरोध. आमच्याकडे जाळीच होती, षटकोनी भोकांची. उदमांजराने ती कोपऱ्यात उसवली आणि सकाळी नऊ कोंबड्या मेलेल्या. उकाड्याने तुमच्या तीन गेल्या, पण जनावर आत शिरलं तर काहीच उरत नाही. मुंगूस आणि अजगर वेगळेच.

शिवाय आजोबांच्या काळी याच भिंतींत कोंबड्या जगल्याच ना? तेव्हा वर गवत किंवा नळ्याची कौलं असायची. गरम हवा फटींतून निघून जायची. तुम्ही पत्रा घातलात आणि वरची वाट बुजवलीत. दोष चिऱ्याला का देता?

वऱ्हाडी माणूस:
आमच्या अकोल्यात पारा ४४ च्या पुढे जातो. जाळीला गोणपाट बांधून दुपारी पाणी मारतो, आत लगेच गारवा येतो. भिंती तोडण्यापेक्षा हे स्वस्त.

खाडीकाठ:
दादा, तुमची हवा कोरडी, म्हणून पाणी झटकन उडतं. इथे गोणपाट संध्याकाळपर्यंत ओलंच राहतं आणि आतला दमटपणा वाढतो. मी करून पाहिलंय. इथे वाहता वाराच लागतो.

चिरेबंदी, पत्र्याचं तुमचं म्हणणं खरं आहे, ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पण नुसतं छप्पर बदलून भागणार नाही. वरून हवा निघायची तर खालून नवी यायला हवी.

मृगाची सर:
मे महिन्याचं ठीक, पण जूनचं काय? नैऋत्येची झड आडवी येते. आमच्या उघड्या खुराड्यात खालचं भाताचं तूस भिजलं, आठवड्यात पिल्लांना रक्ती हगवण लागली. बावीसपैकी सहा वाचली. पावसाळ्यात बंद खुराडंच बरं, या मतावर मी ठाम आहे.

खाडीकाठ:
ताई, पिल्लं जाण्याचं दुःख मला कळतं. पण झड अडवणं वेगळं आणि हवा कोंडणं वेगळं. बंद जागेत विष्ठेचा ओलावा जायचा कुठे? तूस आतूनच भिजतं. मी छपराची वळचण तीन फूट पुढे काढणार आहे. ताडपत्रीचा पडदा खालच्या काठाला बांधायचा आणि वर ओढायचा, म्हणजे झड अडते आणि वरची वीतभर पट्टी उघडी राहते. कोंबड्या ज्या दांडीवर बसतात, तिच्या वर ही पट्टी आली की अंगावर थेट वाराही लागत नाही.

मृगाची सर:
पडद्याचं पटतं. तरी लहान पिल्लं मी पडवीतच ठेवीन.

चिरेबंदी:
जाळी घालायचीच असेल तर अर्ध्या इंची भोकांची वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्डिंगने जोडलेली जाळी घ्या आणि एक फूट जमिनीत गाडा, मुंगूस खालून उकरतं. पश्चिमेची भिंत मात्र तोडू नका. पावसाबरोबरच दुपारचं ऊनही तिकडूनच येतं. उत्तर आणि दक्षिण उघडा. आणि तेही आधी पत्रा उतरवून, कौलं चढवून एक मे महिना बघा. तोवर चिऱ्याला हात लावू नका, हे माझं अजूनही म्हणणं आहे.

खाडीकाठ:
एक मे महिना थांबायचं म्हणजे उरलेल्या अकरा पणाला लावायच्या. तेवढं धाडस माझ्यात नाही. पश्चिमेची भिंत राहील, पण दक्षिणेचे वरचे चार थर या रविवारी काढतोय.