ज्याच्या मॉड्यूलमध्ये वर्षभर काहीच होत नाही, त्याचं अप्रेझल

शून्यतिकीट:

परवा अप्रेझल झालं. सतरा मिनिटांत आटोपलं. मॅनेजरने लॅपटॉपवरची नजर न काढता विचारलं, "तुझ्या मॉड्यूलमध्ये या वर्षी विशेष काय झालं?" मी म्हटलं, काही नाही. तो जरा थांबला. मी पुढे काही बोलेन अशी त्याची अपेक्षा असावी, पण माझ्याकडे पुढचं वाक्यच नव्हतं. काही झालं नाही, हेच तर झालं होतं!

माझं काम रात्रीच्या बॅचचं, म्हणजे रात्री आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामचं. दिवसभराचे व्यवहार दोन्ही बाजूंनी जुळवायचे आणि न जुळलेले वेगळे काढायचे. सकाळी रिपोर्ट आलेला असतो, याहून जास्त कुणाला त्याची माहिती नसते. चार वर्षांपूर्वी ते गळ्यात पडलं तेव्हा आठवड्यातून दोनदा बोंब व्हायची. पहिलं दीड वर्ष मी नुसती कारणं खणत होतो. तो प्रोग्राम मध्येच मेला आणि परत चालवला की तेच व्यवहार दुसऱ्यांदा नोंदले जायचे. ते बंद केलं. डिस्क भरली की लॉग लिहिता येईना आणि सगळंच गपकन बसायचं, म्हणून ऐंशी टक्क्यांवर अलर्ट लावला. सगळ्यात भयंकर म्हणजे समोरच्या सिस्टीमकडून फाइल रिकामी आली तरी आमचा प्रोग्राम "सर्व ठीक" म्हणायचा, कारण तो त्या फाइलमधल्या ओळी एकेक करून तपासायचा. ओळीच नाहीत म्हणजे चुकाही नाहीत. हे सापडलं त्या दिवशी मला घाम फुटला होता. असं किती दिवस चाललं असेल कोण जाणे.

आता वर्षभर एकही तिकीट, म्हणजे बिघाडाची नोंद, नाही. रेटिंग पाचपैकी तीन, "अपेक्षेप्रमाणे".

शेजारच्या टीममधल्या एकाला पाच मिळाले, शिवाय कंपनीच्या टाउनहॉल सभेत टाळ्या. त्याची सर्व्हिस वर्षात तीनदा पडली आणि तिन्ही वेळा तो पहाटेपर्यंत ब्रिज कॉलवर (सगळ्यांना एकत्र जोडणाऱ्या फोनवर) होता. तिन्ही वेळा कारण एकच, कनेक्शन लीक. कोड डेटाबेसचं कनेक्शन घेतो आणि परतच करत नाही. तिसऱ्यांदाही त्याने काय केलं? रीस्टार्ट.

तेव्हा सॉफ्टवेअर कंपनीत वर जायचं असेल तर चांगला कोड लिहायच्या भानगडीत पडू नका. बेताचा वाईट लिहा आणि फोन चालू ठेवा.

पेजरपीडित:

शेवटचं वाक्य टाळ्यांसाठी लिहिलंय. झोंबलं.

गेल्या महिन्यात सर्व्हिस पडली म्हणून मी अकरा वेगवेगळ्या रात्री उठलो. मी सांभाळतो त्या सर्व्हिसच्या मूळ लेखकांपैकी एकही आता कंपनीत नाही. डॉक्युमेंटेशन म्हणून एक पान आहे, त्यावर "हे पान अपडेट करायचे आहे" एवढंच लिहिलंय. खरं दुखणं कुठे आहे ते मला माहीत आहे. दुरुस्तीला तीन आठवडे हवेत. चार क्वार्टर मागतोय, दर वेळी रोडमॅपवर काहीतरी चमकदार येऊन बसतं. जो आग विझवतो त्यानेच ती लावली, असं तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत.

आणि रीस्टार्टला नावं ठेवू नका. पहाटे साडेतीनला लोक खोळंबलेले असताना कोडमध्ये डोकं घालून बसायचं नसतं. आधी सर्व्हिस उभी करायची, शोध सकाळी. त्या सकाळी दहाच्या स्टँडअप मीटिंगला हजरही राहायचं असतं, हे वेगळं.

कॅलिब्रेशनवाली:

मी टेबलाच्या त्या बाजूला, रेटिंग पक्कं करणाऱ्या कॅलिब्रेशन बैठकीत बसते, म्हणून आतलं सांगते. खोलीत सहा मॅनेजर आणि साठेक नावं. एका नावाच्या वाट्याला तीन-चार मिनिटं येतात. वरच्या रेटिंगच्या जागा आधीच ठरलेल्या असतात. बेल कर्व्ह (ठरावीक लोकांनाच वरचं रेटिंग) आता नाही असं कागदावर म्हणतात, पण बजेट असतंच, म्हणजे कर्व्हही असतोच.

त्या खोलीत "काही झालं नाही" याचे दोन अर्थ निघतात. एक, माणूस उत्तम आहे. दोन, काम सोपं आहे. तुमचं मॉड्यूल स्वतः चालवलेलं तिथे कुणी नसतं, आणि शंका आली की सगळे दुसरा अर्थ धरतात. तुमच्या मॅनेजरने सरळ विचारलं, तुम्ही "काही नाही" म्हणालात. मग त्याने तिथे जाऊन काय सांगायचं? दोनदा नोंदले जाणारे व्यवहार, भरलेली डिस्क, रिकामी फाइल, हे सगळं तुम्ही इथे अनोळखी लोकांना सांगितलंत. त्याला सांगितलं नाहीत.

शून्यतिकीट:

चार वर्षांत त्याने तो रिपोर्ट एकदाही उघडून बघितलेला नाही. स्वतःचा डांगोरा स्वतःच पिटायचा का? मग मॅनेजरला पगार कशाचा मिळतो?

कॅलिब्रेशनवाली:

पिटायचा. महिन्यातून एकदा, पाच ओळींत: काय होऊ शकलं असतं, का झालं नाही, त्यासाठी तुम्ही काय केलंत. पगार मला या ओळी वरपर्यंत पोचवण्याचा मिळतो, त्या रचण्याचा नाही. (आणि हो, रिपोर्ट त्याने उघडायला हवा होता. तिथे तुमचं बरोबर आहे.)

कोबोलआजोबा:

मुलांनो, १९९८ आणि ९९ ही दोन वर्षं मी तारखेतल्या वर्षाचे दोन आकडे चार करण्यात घालवली. जुन्या प्रोग्राममध्ये जागा वाचवायला वर्ष नुसतं ९९ असं ठेवत. त्याच्यापुढे ०० आलं की मुदत उलटी मोजली जाणार, वय उणे निघणार. त्यात आणखी एक मेख होती. शतकाचं वर्ष लीप नसतं हा नियम पुष्कळांना ठाऊक होता, पण ४०० ने भाग जात असेल तर ते असतं, हे निम्म्यांना ठाऊक नव्हतं. त्यामुळे २९ फेब्रुवारी २००० ही तारीखच न ओळखणारे प्रोग्राम मी स्वतः दुरुस्त केलेत.

३१ डिसेंबरची रात्र मशीन रूममध्ये काढली. बारा वाजले, काही झालं नाही. आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. पहिल्याच आठवड्यात साहेब म्हणाले, "उगाच केवढा खर्च केला." वायटूके, म्हणजे ही २००० सालची अडचण, नुसती आवई होती असं म्हणणारे अजून भेटतात. मी वाद घालणं सोडलंय. तुला तीन तरी मिळाले.

नवखा:

आजोबा, आदर आहे, पण वायटूकेची तारीख आधीपासून भिंतीवर लिहिलेली होती. रोजच्या कामात तशी नसते, आणि तिथेच "मी काहीतरी टाळलं" या दाव्याचं फावतं. जे घडलंच नाही त्याचं श्रेय कुणीही घेऊ शकतं.

आमच्याकडेही असे एक शून्य तिकीटवाले ज्येष्ठ आहेत. माझा पहिला पुल रिक्वेस्ट (मंजुरीसाठी पाठवलेला कोडमधला बदल) त्यांच्याकडे बारा दिवस पडून होता. बदल किती? एका फॉर्ममध्ये एक रकाना वाढवायचा. त्यांचं मॉड्यूल पडत नाही हे खरं आहे, पण ते कुणाला हातच लावू देत नाहीत. तिजोरीत ठेवलेलं घड्याळ फुटत नाही, तसं.

गूगलच्या एसआरई (सर्व्हिस भरवशाने चालू ठेवायच्या) पद्धतीत यावर एरर बजेट नावाचा तोडगा आहे. सर्व्हिस ९९.९ टक्के वेळ चालू ठेवायची असं ठरलं की तीस दिवसांत सुमारे ४३ मिनिटं बंद राहायची मुभा मिळते. ती शिल्लक आहे तोवर नवे बदल पाठवत राहायचे, संपली की हात आखडता घ्यायचा. दर महिन्याला ती अख्खीच्या अख्खी उरत असेल, तर तुम्ही गरजेपेक्षा हळू चाललाय. शून्यतिकीट, गेल्या वर्षात बदल किती केलेत?

शून्यतिकीट:

आत्ता मोजले. नऊ. सगळे छोटे.

पण हे गणित माझ्या कामाला लागू होत नाही. बॅच ४३ मिनिटं बंद राहिलं तर रिपोर्ट उशिरा येईल, बस. ४३ व्यवहार चुकीचे जुळले तर कुणाचे तरी पैसे भलतीकडे जातात आणि ते कुणालाच दिसत नाही. बंद पडलेली सिस्टीम निदान खरं बोलते.

नवखा:

हे पटलं. मनापासून.

पण मग खरा घाम गाळलात तो पहिल्या दीड वर्षात. त्या वर्षी पाच मिळायला हवे होते, यात वादच नाही. चौथ्या वर्षी नऊ छोटे बदल करून तीन मिळाले, तर अन्याय नेमका कुठे झाला?

टेस्टरताई:

मधेच तोंड घालते. तुम्ही सगळे "मोजा, दाखवा" म्हणताय, म्हणून मोजलेल्या माणसाचा अनुभव ऐका. एका कंपनीत आम्हा टेस्टर्सचं रेटिंग बग किती नोंदवले यावर होतं, आणि डेव्हलपर्सचं बग किती कमी निघाले यावर. एका लेबलमध्ये वेलांटी चुकली होती, ते लेबल सात स्क्रीनवर. मी सात तिकिटं टाकली. लाज वाटली, पण टाकली. पलीकडून साताच्या सात "हा बग नाही" म्हणून परत आली. दुपारभर सात जण एका वेलांटीवर भांडत होतो. त्याच आठवड्यात पासवर्ड रीसेटमधला खराखुरा घोळ निसटला, कारण तो शोधायला दोन दिवस लागले असते आणि हाती लागलं असतं एकच तिकीट.

माणसांना ओळीत उभं करून नंबर देण्याची स्टॅक रँकिंगची रीत मायक्रोसॉफ्टनेही २०१३ मध्ये सोडली. ओळीत पुढे यायचं तर चांगलं काम करण्यापेक्षा शेजारचा मागे राहणं सोपं पडतं. या धाग्यावर तरी आणखी काय चाललंय? एकाला तीन मिळाले, म्हणून शेजाऱ्याचे पाच डोळ्यांत खुपतायत.

अर्धविराम:

ताईंशी सहमत. पण आग आणि बंब यावर बोलताय तर गिटलॅब या कोड साठवणाऱ्या कंपनीची ती रात्र आठवा, ३१ जानेवारी २०१७. थकलेल्या इंजिनीअरने दुय्यम सर्व्हरऐवजी मुख्य डेटाबेस सर्व्हरवरची डिरेक्टरी उडवली. लक्षात येऊन थांबेपर्यंत सुमारे ३०० जीबी डेटा गेला होता. बॅकअप आणि रेप्लिकेशनचे (डेटाची दुसरी प्रत सतत ठेवण्याचे) पाच उपाय होते, त्यातला एकही धड चालत नव्हता, हे त्यांनीच जाहीर केलं. वाचवलं कशाने? साधारण सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने काढून ठेवलेल्या एका स्नॅपशॉटने, म्हणजे डेटाच्या त्या क्षणीच्या प्रतीने. दुरुस्ती त्यांनी यूट्यूबवर लाइव्ह दाखवली आणि नंतरच्या अहवालात त्या इंजिनीअरचं नाव न घेता सगळं लिहून टाकलं. माझ्या मते अशा कंपनीत टिकून राहावं. बळीचा बकरा शोधत नाहीत.

पेजरपीडित:

त्या अहवालातला खरा धडा मधल्या भागात आहे. रोजचा डेटाबेस डंप (डेटाची प्रत काढणं) फसत होता, कारण त्याला पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरची चुकीची आवृत्ती मिळत होती. डंप फसला की ईमेल जायची, आणि ती ईमेल समोरचा मेल सर्व्हर नाकारायचा. म्हणजे बॅकअपबद्दल तक्रारीची एकही मेल कुणाला येत नव्हती. शून्य. तुमच्यासारखंच, शून्यतिकीट.

तो ऐंशी टक्क्यांचा अलर्ट शेवटचा कधी वाजवून बघितलात?

शून्यतिकीट:

लावला तेव्हा. अडीच वर्षं झाली.

(दोन तासांनी) टेस्ट सर्व्हरवर डिस्क मुद्दाम भरून बघितली. वाजला. अकरा मिनिटं उशिरा वाजला, पण वाजला. ती अकरा मिनिटं मी खुर्चीत नीट बसलो नव्हतो. रिकाम्या फाइलचीही चाचणी घेतली, पकडली.

पेजरपीडित:

चांगलं झालं. आता दुसरा प्रश्न. शेजारच्या सर्व्हिसचं दुखणं कनेक्शन लीकच आहे, हे तुम्ही इतक्या खात्रीने कसं लिहिलंत? टीम तुमची नाही, कोड तुमचा नाही. घटनेच्या अहवालात "इंटरमिटंट डेटाबेस इश्यू" याच्यापुढे कुणी सहसा जात नाही.

शून्यतिकीट:

हा प्रश्न येईल असं वाटलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी त्या कोडच्या रिव्ह्यूला मी होतो. त्यांच्याकडे माणूस कमी होता, म्हणून मला जोडलं होतं. एरर आली तर फंक्शन मधूनच बाहेर पडतं आणि कनेक्शन बंद करायची ओळ चालतच नाही. मी कमेंट टाकली, "इथे कनेक्शन परत होत नाही." त्याने लिहिलं, "पुढच्या स्प्रिंटमध्ये बघतो." रिलीज दुसऱ्या दिवशी होतं. मी अप्रूव्ह केलं.

पहिल्यांदा पडलं तेव्हा मला लगेच कळलं होतं. त्याला सांगणार होतो. मग वाटलं, त्याचं मॉड्यूल, त्याने बघावं. तिसऱ्या वेळेपर्यंत, खोटं कशाला बोलू, मी वाट बघत होतो कुणाच्या लक्षात येतंय का. त्या रात्री माझा फोन सायलेंटवर होता. ती कमेंट अजून तशीच उघडी आहे, आत्ता बघून आलो.

कॅलिब्रेशनवाली:

हे मात्र पाच ओळींत बसणार नाही.

पेजरपीडित:

रेटिंगचं नंतर बघा. लीकचं तिकीट काढा, त्यात त्या कमेंटची लिंक द्या, आणि दुरुस्ती स्वतःच करून पाठवा. कनेक्शन बंद करायची ओळ फायनलीमध्ये (एरर आली तरी चालणाऱ्या भागात) गेली की झालं, माझ्यासारखे तीन आठवडे लागणार नाहीत. रिव्ह्यूला त्यालाच घाला. आणि त्याला आधी फोन करा, तिकिटातून कळू देऊ नका. पण आत्ता नको. तिसऱ्यांदा पडलं ते या आठवड्यातलं असेल, तर झोपला असेल तो.