खुबा बदलायचा की नुसता मढवायचा?

पायवाट (धागाकर्ता):
वय ४७, पुरुष, उजव्या खुब्याची कूर्चा संपलेली. एक्स-रेमध्ये गोळा आणि वाटी यांच्यात जी काळी फट दिसायला हवी, ती वरच्या बाजूला दिसतच नाही. हाडाला हाड टेकलंय. मोजा घालायला पाय वर येत नाही. दोन सर्जनना दाखवलं, दोघेही म्हणाले, टोटल हिप करून टाका. रिसरफेसिंगचं नाव काढल्यावर एकाने "ते आता कोणी करत नाही" एवढं म्हणून विषय संपवला.

मला हे पटत नाही. टोटल हिपमध्ये मांडीच्या हाडाचा गोळा मानेसकट (गोळ्याखालचा निमुळता भाग) कापून टाकतात आणि हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा ठोकून बसवतात. रिसरफेसिंगमध्ये गोळा जागेवरच राहतो. तो तासून त्यावर धातूची टोपी मढवतात. बर्मिंगहॅमला सर्जन डेरेक मॅकमिन यांनी १९९७ मध्ये आणलेला खुबा याच पद्धतीचा. टेनिसपटू अँडी मरेने जानेवारी २०१९ मध्ये हेच करून घेतलं आणि ऑक्टोबरमध्ये अँटवर्पची एकेरी स्पर्धा जिंकली.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली आलेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासानुसार पन्नाशीच्या सुरुवातीला खुबा किंवा गुडघा बदललेल्या पुरुषांपैकी ३५ टक्क्यांपर्यंत लोकांना आयुष्यात कधीतरी रिव्हिजन, म्हणजे बसवलेला सांधा पुन्हा बदलणं, लागते. माझं वय त्याहून कमी. दुसरं ऑपरेशन होण्याची एवढी शक्यता असेल, तर त्यासाठी हाड राखून ठेवायला नको का? कापलेलं हाड परत येत नाही. माझ्यासारख्यांना निदान हा पर्याय समजावून सांगायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे.

निशिगंधा:
मी तुमच्या बाजूची नाही. ४३ व्या वर्षी मी रिसरफेसिंग केलं. कारण हेच दिलं होतं: हाड वाचेल. पहिली तीन वर्षं झकास गेली. मग जांघेत ठणका सुरू झाला, जिना चढताना पाय उचलेना. रक्तातलं कोबाल्ट (घासणाऱ्या टोपीतून उतरणारा धातू) लिटरमागे ७ मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की ब्रिटनमध्ये सावध होतात. माझं १९ निघालं. सांधा उघडल्यावर आत राखाडी पाणी साचलेलं होतं आणि कुल्ह्याचा एक स्नायू जवळजवळ गेलेला. दुसऱ्या खेपेला टोटल हिप झालं, पण तो स्नायू काही परत आला नाही. आजही मी डावीकडे झुकत चालते. हाड वाचवायला गेले आणि मांस गमावून बसले.

पायवाट:
ताई, वाचून फार वाईट वाटलं. तुम्हाला धोका आधी सांगायलाच हवा होता. पण सगळे धातूचे खुबे एका माळेत ओवू नका. डेप्युई कंपनीने ऑगस्ट २०१० मध्ये परत मागवलेल्या एएसआर या रिसरफेसिंग खुब्याची वाटी उथळ होती, आणि त्याने सगळ्याच रिसरफेसिंगचं नाव खराब केलं. २०१२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या ब्रिटनच्या सांधेबदल नोंदणीच्या आकड्यांतही मोठ्या गोळ्याच्या पुरुषांमध्ये रिसरफेसिंग टोटल हिपच्या बरोबरीने टिकलेलं दिसतं.

सायली_ओटी:
ऑपरेशन थिएटरमध्ये १४ वर्षं आहे. दोन्ही ऑपरेशनं टेबलाशेजारी उभं राहून पाहिली आहेत. पायवाट, "बरोबरीने" हा शब्द तुम्हीच लिहिलात. बरोबरीनेच असेल तर जास्त अवघड वाट कशाला धरायची?

अवघड का, ते सांगते. टोटल हिपमध्ये करवतीने मान कापली, गोळा उचलून बाजूला ठेवला की वाटी समोर उघडी पडते. रिसरफेसिंगमध्ये गोळा तिथेच असतो, तो सरकवून धरून त्याच्या आडून वाटी बसवायची. छेद मोठा लागतो. वाटी थोडी जरी जास्त उभी बसली तरी टोपी तिच्या काठावर घासते आणि धातूचा भुगा पडायला लागतो. गोळा तासताना मानेला खाच पडली तर पहिल्या काही महिन्यांत मान मोडू शकते. हा हाताच्या सवयीचा प्रश्न आहे. वर्षाला दोन-चार करणाऱ्याकडे जाऊ नका.

आणि तुमच्या ३५ टक्क्यांबद्दल. त्या अभ्यासातली ऑपरेशनं १९९१ ते २०११ मधली, म्हणजे बरेचसे खुबे वाटीत जुन्या प्लास्टिकचं अस्तर असलेले. आताचं क्रॉसलिंक्ड प्लास्टिक कितीतरी कमी झिजतं. शिवाय हाड वाचतं ते मांडीच्या बाजूचं, वाटीच्या बाजूचं नाही. 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात २०१२ साली १२६ रुग्णांवर टोटल हिप आणि रिसरफेसिंगची तुलना करणारी चाचणी आली होती; वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या खुब्याच्या कार्यात फरक दिसला नाही.

मुक्तछंद:
वर्षभरात काय कळणार? माझ्या मढवलेल्या खुब्याला सात वर्षं झाली. ५२ मिमीची टोपी आहे. आठवड्यातून तीनदा पळतो. टोटल हिपमध्ये गोळा साधारण ३२ किंवा ३६ मिमीचा असतो. माझा मूळ गोळ्याएवढाच असल्याने सांधा निखळायची भीती जवळजवळ नाही. तरी सायलीताईंचं एक मान्य करतो: दरवर्षी रक्ताचा रिपोर्ट हातात पडेपर्यंत झोप लागत नाही. धातूला कंटाळून काही सर्जन सिरॅमिकच्या टोपीकडे वळले आहेत, पण तिचा पंधरा-वीस वर्षांचा हिशोब अजून कोणाकडेच नाही.

सायली_ओटी:
तुमचा ५२ आहे म्हणून हे लिहू शकताय. बर्मिंगहॅमच्याच खुब्याचे ४६ मिमी आणि त्याखालचे आकार कंपनीने २०१५ मध्ये मागे घेतले आणि बायकांना तो बसवू नये असं जाहीर केलं. म्हणजे अर्धी माणसं एका फटक्यात बाद. आपल्याला जमलं म्हणून सगळ्यांना शिफारस करू नका, एवढंच म्हणणं.

पायवाट:
सगळ्यांना नाहीच म्हणत मी. पण उरलेल्या अर्ध्यांना "कोणी करत नाही" सांगून वाटेला लावणंही चूकच. वाटीच्या बाजूचं हाड आणि जुनं प्लास्टिक, हे दोन्ही मुद्दे माझ्या लक्षात आले नव्हते. त्यांनी डळमळलो, हे खरं. आता आधी एक्स-रेवरून गोळ्याचं माप काढून घेतो. ५० च्या खाली आलं तर टोटल हिप. वर आलं तर हीच शस्त्रक्रिया नेहमी करणारा सर्जन शोधेन, आणि किती केल्या, त्यातल्या किती काढाव्या लागल्या, हे तोंडावर विचारेन.

निशिगंधा:
माप कळलं की इथे लिहा. आणि मढवायचं ठरलंच, तर आधी किडनी तपासून घ्या, कारण हा धातू लघवीवाटेच बाहेर पडतो. ऑपरेशनच्या आधी कोबाल्ट आणि क्रोमियमची रक्ततपासणी करून तो कागद जपून ठेवा. माझ्याकडे तो नव्हता, म्हणून १९ पर्यंत पोचायला किती दिवस लागले ते मला कधीच कळलं नाही.