पोलो जीटी टीएसआय (२०१७) रोजच्या ऑफिस रनला मायलेज १०च्या वर जात नाही, काय करू?

वारजेकर_जीटी

नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीत सेकंडहँड घेतली, १.२ टीएसआय (टर्बो पेट्रोल), सात गिअरचा डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), ५८ हजार रनिंग. गाडीवर जाम खूश आहे, १७५ एनएमचा टॉर्क १५०० आरपीएमलाच मिळतो त्यामुळे बायपासला ट्रक ओव्हरटेक करायला नुसता पाय टेकवला की झालं. पण वारजे ते हिंजवडी फेज ३ रोजचं जाणं-येणं, वाकडचा पूल आणि पुढे आत शिरताना जो काही ट्रॅफिक असतो तो तुम्हाला माहितीच आहे, आणि एमआयडी (डॅशबोर्डवरचा डिस्प्ले) मायलेज सतत १०.२, फार तर १०.५ दाखवतो. कागदावर एआरएआयचा (चाचणीतल्या मायलेजचा) आकडा १७.२१ आहे, तेवढं मिळणार नाही हे कळतं पण निदान १२-१३ तरी? महिन्याचं पेट्रोलचं बिल बघून बायको गाडी विकायला सांगतीये आणि मला ती विकायची नाहीये.

आत्तापर्यंत केलेलं: सर्व्हिस झाली, एअर फिल्टर नवीन, चारही टायर नवीन (२०५/५५ आर१६, आधी १९५/५५ होते). शनिवार-रविवार साताऱ्याला घरी जातो तेव्हा येताना नवीन कात्रज बोगदा संपला की नवले पुलापर्यंत उतारावर गाडी एन (न्यूट्रल) मध्ये सोडतो, तेवढंच वाचतं म्हणून. अजून काय करता येईल? गाडी बैलगाडीसारखी चालवायची असेल तर मग ही गाडी घेतली कशाला असं वाटतं, म्हणून तसा सल्ला नको, प्लीज.

घाटवाट

भावा सगळ्यात आधी ते एन मध्ये सोडणं आजपासून बंद कर, बाकीचं सगळं नंतर. त्या उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रलवर उतरणाऱ्या अवजड गाड्यांचे ब्रेक जाऊन किती जीव गेलेत हे पुण्यात राहून तुला सांगायला नको, आणि तुझ्यामागे तसलाच एखादा ट्रक असेल तर तुझी गाडी लगेच वेग घेण्याच्या स्थितीत पाहिजे, एन मध्ये नाही.

शिवाय वाचत तर काहीच नाही, उलट जास्त जळतं. आजकालच्या कुठल्याही इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंजेक्टर पेट्रोल बंदच करतात, चाकंच इंजिनाला फिरवत असतात. आरपीएम पार खाली आला की मगच परत पेट्रोल सुरू होतं. एन मध्ये टाकलंस की इंजिनाला स्वतःला जिवंत ठेवायला आयडलचं पेट्रोल लागणारच. म्हणजे उतारावर डी (ड्राइव्ह) मध्ये पाय काढून बसलास तर खर्च शून्य, एन मध्ये खर्च चालू. डीएसजीला मॅन्युअलला ओढून चौथा-तिसरा घाल, इंजिन ब्रेकिंग मिळेल, ब्रेक पॅड वाचतील ते वेगळंच.

स्पॅनर_मामा

कोल्हापूरला गॅरेज आहे माझं, २२ वर्षं झाली, तर दोन गोष्टी विचारतो. एक, मायलेज मोजलंस कसं? एमआयडीवर जाऊ नकोस, टाकी ऑटो कटला फुल्ल कर, ट्रिप शून्य कर, ३००-४०० किलोमीटर चालव आणि त्याच पंपावर त्याच नोझलला परत ऑटो कटलाच थांबव, वर कोंबून भरायचं नाही. मग किलोमीटरला लिटरने भाग. आणि तुझे टायर मोठे झालेत, २०५/५५ची उंची १९५/५५पेक्षा साधारण ११ मिलिमीटर जास्त आहे, म्हणजे एका फेऱ्यात गाडी पावणेदोन टक्के जास्त पुढे जाते पण मीटरला ते कळत नाही. तुझं खरं अंतर ट्रिपवर दिसतंय त्यापेक्षा जास्त आहे, म्हणजे मायलेजही थोडं जास्त. पण रुंद टायर ओढायला जड हेही खरं, पुढच्या वेळेला १९५च घाल.

दोन, सर्व्हिसला हँडब्रेक ॲडजस्ट केला का? ऑफिसला पोचलास की चारही चाकांच्या रिमजवळ हात नेऊन बघ (लावू नकोस, भाजेल). पुढची गरम असणारच, पण मागचं एखादं चाक दुसऱ्यापेक्षा गरम लागलं तर ड्रम घासतोय असं समज. माझ्याकडं मायलेजची तक्रार घेऊन येणाऱ्यांत हे लई वेळा निघतं आणि गिऱ्हाईक तोवर प्लग, कॉइल, सेन्सर सगळं बदलून आलेलं असतं.

एअर फिल्टरनं मायलेज वाढतं हे कार्ब्युरेटरच्या काळातलं. आता जेवढी हवा आत येईल तेवढंच पेट्रोल ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) सोडतो, फिल्टर तुंबला तर पिकअप मरेल, मायलेजला फारसा फरक नाही. हवेचं प्रेशर मात्र दर पंधरवड्याला, गाडी थंड असताना, पेट्रोलच्या झाकणाच्या आत जो तक्ता चिकटवलाय त्याप्रमाणे. पंपावरचा पोरगा सगळ्यांना तोच एक आकडा भरतो, तू तुझा आकडा सांग.

मडगावची_अश्विनी

मी पण टर्बो पेट्रोलच चालवते, मडगाव ते पणजी रोज. दादा, बैलगाडीसारखी चालवायची अजिबात गरज नाहीये, उलट फार हळू हळू वेग वाढवणं ह्या इंजिनांना फायद्याचं नसतंच, कमी आरपीएमला अर्धा पाय दाबून पटकन ६०ला पोचा, गिअरबॉक्सला वरच्या गिअरला जाऊ दे आणि मग पाय हलका ठेवा. पूर्ण खाली दाबला की मात्र मिश्रण घट्ट होतं आणि तिथे पेट्रोल ओतलं जातं. आणि एस (स्पोर्ट) मोड शहरात नको, तो खालचाच गिअर धरून बसतो.

पण खरा खर्च वेग वाढवण्यात नाही, तो वेग ब्रेकने घालवण्यात आहे. मी एकदा हिशोब केला होता तो इथे लिहिते कारण मला स्वतःला त्याने धक्का बसला. तुमची गाडी माणसासकट १२०० किलो धरा. ताशी ६०ला तिच्यात साधारण १६७ किलोज्यूल ऊर्जा साठलेली असते. एका लिटर पेट्रोलमध्ये ३२ मेगाज्यूल, त्यातलं चाकापर्यंत पाव पोचतं असं धरलं तर ८. म्हणजे शून्यावरून ६०ला जाऊन ब्रेक मारून परत थांबलात की २० मिली पेट्रोल ब्रेकमध्ये उष्णता होऊन गेलं. ८०वरून थांबलात तर ३५च्या वर. रोज येताजाता अशा ३० वेळा झाल्या की अर्ध्या लिटरपेक्षा जास्त, फक्त ब्रेकमुळे! म्हणून लाल सिग्नल लांबून दिसला की लगेच पाय काढायचा, घाटवाट यांनी सांगितलं तसं गिअरमध्येच राहू द्यायचं, आणि बऱ्याचदा तिथे पोचेपर्यंत हिरवा होतो, म्हणजे ३० वरून परत उचलायची, शून्यावरून नाही. मागचा हॉर्न मारेल, मारू दे.

घाटवाट

वरच्या ताईंचा हिशोब सेव्ह करून ठेवलाय.

अजून एक, ट्रॅफिकमध्ये डीएसजी एक-एक फूट सरकवत राहू नकोस, ह्या सात गिअरवाल्यात क्लच ड्राय आहे, तापतो आणि झिजतो. पुढे गाडीभर जागा होऊ दे मग एकदम जा. मी ओबीडी (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा रीडर) लावून बघितलं होतं, माझ्या १.२ला एसी चालू असताना उभ्या उभ्या तासाला पाऊण ते एक लिटर जातं, त्यामुळे मिनिटाच्या वर थांबायचं असेल तर इंजिन बंद. एक्सप्रेसवेला जाशील तेव्हा १०० लिमिट आहे तेवढंच धर, हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, १००चं १२० केलंस की ४४ टक्के जास्त. तिथं काच उघडी ठेवण्यापेक्षा एसी बरा.

सांगवीकर

यात इ२०चा (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा) विषय कुणी काढला नाही? इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच असते, म्हणजे २० टक्के मिसळलं की नुसत्या पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमीच. २०१७चा तो १७.२१ आकडा आजच्या पेट्रोलवर धरूच नका. आणि महागडं हाय ऑक्टेन भरून मायलेज वाढेल म्हणून पैसे घालू नका, ऑक्टेन म्हणजे नॉक (पेट्रोल अवेळी पेटून होणारी खटखट) न होण्याची क्षमता, जास्त ताकद नव्हे. मी चार टाक्या भरून बघितल्या, गाडी थोडी स्मूथ वाटली पण किमतीतला फरक काही निघाला नाही.

वारजेकर_जीटी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, तीन आठवड्यांनी लिहितोय कारण नीट मोजून मगच सांगायचं होतं.

मामा, तुम्ही बोललात तेच निघालं! डावं मागचं चाक उजव्यापेक्षा स्पष्ट गरम. जिथे सर्व्हिस केली तिथे हँडब्रेकची केबल जास्त ताणून ठेवली होती, दुसऱ्या गॅरेजला २० मिनिटांत सैल करून दिली, आता सपाट पार्किंगमध्ये डी मधून एन केलं की गाडी किती तरी लांब आपोआप जाते, आधी लगेच थांबायची आणि मला वाटायचं डीएसजीच तसा आहे.

टाकी टू टाकी: ट्रिपवर ४०२ किलोमीटर, पेट्रोल ३२.१ लिटर, म्हणजे १२.५, आणि टायरचा फरक धरला तर पावणेतेरा. यात एक साताऱ्याची फेरी आहे, बाकी सगळं ऑफिस. नवले पुलाच्या उतारावर आता मॅन्युअलला तिसरा घालून उतरतो आणि खरं सांगतो, त्या जागी गाडी पहिल्यांदा पूर्ण हातात आहे असं वाटलं. सिग्नलला लांबून पाय काढायची सवय अजून पूर्ण लागली नाहीये, संध्याकाळी घरी जायची घाई असते तेव्हा विसरतो.

बायकोला बिल दाखवलं. विकायचा विषय सध्या बंद आहे. मामा, अलाइनमेंट पण एकदा बघून घेऊ का, नवीन टायर टाकल्यापासून स्टिअरिंग किंचित उजवीकडे राहतंय?

स्पॅनर_मामा

उद्याच घे. टायर खातंय तोवर थांबू नकोस.