अण्णांवरचा विश्वास नक्की कधी उडाला? माझा पवारांना थप्पड बसायच्या आधीच

शेंगदाणा_कूट
काल माळा आवरताना 'मैं अण्णा हूँ' वाली टोपी सापडली, घडीवर पिवळे डाग पडलेत. ऑगस्ट २०११ ला अण्णा हजारेंचं भ्रष्टाचाराविरुद्ध लोकपालचं आंदोलन चालू होतं, तेव्हा ऑफिस सुटलं की ही घालून लोकलने आझाद मैदान गाठायचो, डब्यात अनोळखी लोक सरकून चौथी सीट द्यायचे राव. १६ ऑगस्टला उपोषणाला बसायच्या आधीच अण्णांना उचलून तिहारमध्ये टाकलं तेव्हा आपलं म्हणणं साधं होतं, माणसाला शांतपणे बोलू द्या, पटो न पटो. आणि पुढे दोन महिनेसुद्धा नाही झाले, १२ ऑक्टोबरला टीम अण्णामधल्याच वकील प्रशांत भूषणना सुप्रीम कोर्टासमोरच्या त्यांच्या चेंबरमध्ये घुसून मारलं, टीव्हीची मुलाखत चालू असताना. का, तर वाराणसीत काश्मीरमधल्या सार्वमताबद्दल बोलले म्हणून. अण्णांनी हल्ल्याचा निषेध केला, मान्य. पण लगोलग काय, तर ते मत चुकीचं, त्यांचं वैयक्तिक, आणि टीममध्ये ठेवायचं का ते पुढे ठरवू. अरे माणूस मार खाऊन पडलाय आणि तुम्ही हजेरीपटावरून नाव खोडायचं बघताय? माझं तिथेच फिस्कटलं.

पारनेरचा_पाव्हणा
काहीही हं. अण्णा लष्करात ड्रायव्हर होते, ६५ च्या युद्धात खेमकरणला सोबतचे जवान डोळ्यादेखत गेले त्यांच्या. त्या माणसाने सार्वमताला टाळ्या वाजवायच्या का आता? अभिव्यक्ती स्वातंत्र्य भूषण वकिलांना आहे तसं अण्णांनापण आहे, "मला हे मान्य नाही" म्हणायचं. आणि काढलं का शेवटी टीममधून? नाही ना. मग विषय संपला.

शेंगदाणा_कूट
मान्य नाही म्हणायला कोण अडवतंय? प्रश्न वेळेचा आहे. मारणाऱ्यांना तेच तर हवं होतं, की ह्याला आता त्याच्याच माणसांनी लांब करावं.

तिरकी_मान
तुम्ही उगाच ऑक्टोबरमध्ये अडकलात. २४ नोव्हेंबरला दिल्लीत शरद पवारांना थप्पड बसली तेव्हा अण्णांची पहिली प्रतिक्रिया काय होती आठवा, एकच मारली का! नंतर सारवासारव झाली म्हणा. आणि राळेगणात दारुड्यांना खांबाला बांधून फटके द्यायचे हे ते स्वतःच कौतुकाने सांगायचे की. मी पवारांचा अजिबात फॅन नाही, पण मारहाणीशी ह्या माणसाचं वाकडं कधी नव्हतंच. लोकांनी टोपी बघितली आणि गांधी समजले, त्यात अण्णांची काय चूक 😄

सुधाकाकू
फटक्यांवर हसणाऱ्यांनी एकदा दारुड्या नवऱ्याचा संसार करून बघावा, मग बोलू. तेही बरोबर म्हणत नाहीये मी, पण त्या गावातल्या बायकांना विचारल्याशिवाय नको. दुसरं, १९९८ विसरलात सगळे. युतीचं सरकार होतं, मंत्री बबनराव घोलप यांच्यावर आरोप केले म्हणून अब्रुनुकसानीच्या खटल्यात तीन महिन्यांची शिक्षा झाली आणि अण्णा येरवड्यात गेले. बोलण्यापायी तुरुंगात गेलेला माणूस आहे तो. तुम्ही टोपी घालून लोकलमध्ये बसलात.

शेंगदाणा_कूट
काकू लागलं, पण बरोबर बोललात. पण म्हणूनच जास्त खटकतं ना, ज्याने स्वतः हे भोगलंय त्याला तरी कळायला हवं होतं.

बीकेसी_रिटर्न्ड
एक राहिलंच. डिसेंबर २०११ ला मुंबईत एमएमआरडीए ग्राउंडवरच्या अण्णांच्या उपोषणात, जिथे गर्दीच जमली नाही आणि दुसऱ्या दिवशी गुंडाळलं, तिथेच असीम त्रिवेदीची व्यंगचित्रं लागली होती. त्या चित्रांवरून सप्टेंबर २०१२ मध्ये पोराला राजद्रोहाखाली आत टाकलं, मग बोंबाबोंब झाल्यावर सरकारने ते कलम मागे घेतलं. म्हणजे अण्णांच्या मांडवात एवढी जहाल चित्रं लागू शकत होती, हे तुमच्या हिशोबात कुठे बसतं शेंगदाणे?

शेंगदाणा_कूट
बसतं की. ती चित्रं सरकारवर होती, भ्रष्टाचारावर होती, मांडवातल्या सगळ्यांना आवडणारीच होती. भूषण मांडवातल्यांनाच न आवडणारं बोलले.

पारनेरचा_पाव्हणा
मग तुमच्या चळवळीत काश्मीर, आरक्षण, गोहत्या सगळं घ्या, आणि लोकपाल बसू दे कोपऱ्यात. चळवळ चालवायची म्हणजे एकच मुद्दा धरून चालावं लागतं हो, हजार लोक हजार मतांचे असतात. अण्णांनी तेच केलं.

तिरकी_मान
एकच मुद्दा धरून शेवटी काय झालं ते सप्टेंबर २०१२ ला बघितलं आपण. अण्णा राळेगणला, केजरीवाल पक्षाच्या मागे.

सुधाकाकू
ते जाऊ दे, टोपीचं काय केलंस? टाकू नकोस.

शेंगदाणा_कूट
टाकतोय कुठे. पोरीने घेतली, गॅदरिंगला शेतकरी व्हायचंय तिला. अक्षरं दिसतील म्हणून बाईंनी सांगितलंय उलटी करून घाल.