व्हर्च्युअल मशीनला पडदा द्यावा का? लॅबच्या सर्व्हरवरून वाद

टिळकवाडी_लॅब
आमच्या डिप्लोमा कॉलेजात पोरांसाठी एकच सर्व्हर आहे, फ्रीबीएसडी या युनिक्सछाप ऑपरेटिंग सिस्टिमवर. सगळी व्हर्च्युअल मशीन (खऱ्या यंत्राच्या आत चालणारी नकली यंत्रं) बीहाइव्ह या फ्रीबीएसडीच्याच प्रोग्रामवर चालतात आणि सगळी बिनपडद्याची. सिरीयल कन्सोल (मशीनला जोडलेली नुसत्या अक्षरांची वाट), नाहीतर एसएसएच (नेटवरून मशीनमध्ये शिरून आदेश टाइप करणं). या सत्रापासून प्रत्येक मशीनला ग्राफिक डिस्प्ले द्यावा असं माझं म्हणणं आहे. स्टाफरूममध्ये दोन तट पडलेत, म्हणून इथं मांडतोय.

बीहाइव्ह २०१४ च्या जानेवारीत फ्रीबीएसडी १०.० बरोबर आलं तेव्हा त्याला पडदा नव्हताच. पुढं विंडोज चालायला लागलं, पण ते चढवायचं म्हणजे इन्स्टॉलरच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं आधीच फायलीत लिहून आयएसओत (इन्स्टॉल डिस्कच्या फायलीत) घालायची, मशीन सुरू करायचं आणि आतला रिमोट डेस्कटॉप जागा होईपर्यंत देवाचं नाव घेत बसायचं. मध्येच निळी स्क्रीन आली तर ती दिसणार कुणाला? २०१६ च्या ११.० पासून यूईएफआयच्या (यंत्र बूट करणाऱ्या नव्या पद्धतीच्या प्रोग्रामच्या) जोडीला फ्रेमबफर (पडद्यावरचं चित्र ठेवायची मेमरी) आला. आता मशीन सुरू करायच्या आदेशात ‘एफबफ’ची (फ्रेमबफरची) एक ओळ वाढवली की व्हीएनसीवर (दुसऱ्या यंत्राचा पडदा नेटवरून दाखवणाऱ्या सोयीवर) पडदा हजर. खर्च मशीनमागं काही एमबी मेमरी. एवढ्यासाठी किती दिवस आंधळी कोशिंबीर खेळायची?

लिनक्सचंही तेच. बूटचे मेसेज सिरीयलवर यायला गेस्टच्या (मशीनच्या आतल्या सिस्टिमच्या) कर्नलला, म्हणजे तिच्या गाभ्याला, तसं सांगून ठेवावं लागतं. पोरं कुठलीतरी आयएसओ उतरवून आणतात, ती बूट होताना अडकते आणि सिरीयलवर शुकशुकाट. नेट उठलेलंच नसतं, मग एसएसएच कुठलं करताय?

शिवाय मराठी आणि कानडी. लिनक्सच्या टेक्स्ट कन्सोलच्या फाँटात जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात आणि जोडाक्षरं जुळवणं त्याच्या गावीही नाही. बेळगावात संगणक शिकवायचा आणि पोरांना दोन्ही लिप्या मोडक्या दाखवायच्या, हे मला पटत नाही.

उद्यमबागवाला
सर, शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण तो ऐकायला गोड आहे पण कच्चा आहे. एसएसएचनं आत गेल्यावर अक्षरं तुमच्या समोरच्या टर्मिनलवर उमटतात. गेस्टला पडदा असला काय, नसला काय, तिथं फरक पडत नाही.

आता खरी भीती. मशीनला जोडलेलं प्रत्येक नकली उपकरण म्हणजे होस्टवर (खऱ्या सर्व्हरवर) चालणारा जादा कोड, आणि त्याला खायला घालणार कोण, तर गेस्टमधला पोरगा. क्यूईएमयू या बीहाइव्हसारख्याच प्रोग्रामातल्या सिरस व्हीजीए या नकली ग्राफिक कार्डाचं घ्या. चित्राचा तुकडा एका जागेवरून दुसरीकडं नक्कल करण्याच्या कोडमध्ये हद्दीची तपासणी कमी पडली होती. २०१७ च्या सुरुवातीला ते उघड झालं. गेस्टमध्ये रूट, म्हणजे सगळे अधिकार हातात, असलेल्या माणसाला तिथून होस्टपर्यंत हात घालता आला असता. तुमच्या लॅबमध्ये तर प्रत्येक पोरगा स्वतःच्या मशीनचा रूट आहे की ओ!

अॅमेझॉननं २०१८ मध्ये फायरक्रॅकर हे व्हर्च्युअल मशीन चालवायचं आपलं सॉफ्टवेअर सगळ्यांना खुलं केलं. त्यात व्हीजीए नाहीच. नेटवर्क, डिस्क, सिरीयल असली मोजकी उपकरणं, आणि कीबोर्ड कंट्रोलर ठेवलाय तो मशीन बंद करण्यापुरता. कळून सवरून वगळलंय ते.

टिळकवाडी_लॅब
फायरक्रॅकर हजारो अनोळखी गिऱ्हाइकांची कामं एका यंत्रावर चालवायला केलंय. माझी गिऱ्हाइकं दुसऱ्या बाकावर बसतात, नावानिशी माहीत आहेत. २०१५ चं व्हेनम, क्यूईएमयूतलंच सुरक्षेचं भोक, आठवतंय ना? ते भोक फ्लॉपीच्या कंट्रोलरमध्ये होतं, आणि फ्लॉपी वापरत नसलात तरी ते उघडं होतं. तेव्हा बोट एकट्या पडद्याकडं दाखवू नका. आणि क्यूईएमयूनं २.२ आवृत्तीपासूनच सिरस बाजूला सारून साधा व्हीजीए मूळ पर्याय केला होता.

उद्यमबागवाला
व्हेनमनं माझंच म्हणणं पक्कं होतंय. न लागणारं उपकरण जोडू नये.

निपाणी_छापखाना
तुम्ही थोर माणसं काय ते ठरवा, पण माझ्यासारख्याचा विचार करा. माझ्याकडं पेजमेकर (पानं लावायचं सॉफ्टवेअर) आहे, जुने फाँट आहेत, डोंगल (सॉफ्टवेअर चालायला यूएसबीत खोचायची किल्ली) आहे, आणि हे सगळं विंडोज एक्सपीवरच चालतंय. ते जुनं यंत्र आता कधी मान टाकेल सांगता येत नाही. लग्नसराईत एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कानडी अशी पत्रिका असते, वर गणपती. तुमच्या सिरीयल कन्सोलवर गणपती कुठं दिसणार ओ अण्णा?

उद्यमबागवाला
😄 नाही दिसणार. तुम्हाला पडदा लागतोच, मान्य. माझा विरोध सरसकट सगळ्या मशीनना जोडण्याला आहे.

टिळकवाडी_लॅब
@निपाणी_छापखाना, तुमच्यासाठी मात्र बीहाइव्ह नको. त्याचा पडदा यूईएफआयच्या आधारानं उभा राहतो आणि तुमच्या ३२ बिटी एक्सपीला यूईएफआय कळत नाही. लिनक्सवर क्यूईएमयू-केव्हीएम (केव्हीएम हा लिनक्समधलाच व्हर्च्युअल मशीन चालवायचा भाग) घ्या, यूईएफआयच्या आधीच्या जुन्या बायॉसनं बूट करा, डोंगलचा यूएसबी थेट गेस्टला द्या. एक्सपीला मायक्रोसॉफ्टचे अपडेट २०१४ च्या एप्रिलपासून बंद आहेत, म्हणून गेस्टचं नेट तोडूनच ठेवा.

निपाणी_छापखाना
नेट कशाला लागतंय, फायली पेनड्राइव्हवरच जात्यात.

जांबोटीकर
मी तिसऱ्या सेमला आहे, याच सर्व्हरवर काम करते. (सर ओळखतीलच 🙏) सर, पडदा लॅबमध्ये ठीक आहे, पण घरी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काय? १०२४ बाय ७६८ चा पडदा म्हणजे पिक्सेलला ४ बाइट धरून एका चित्राला ३ एमबी. टेक्स्टचा ८० बाय २५ चा पडदा फक्त २००० अक्षरांचा. आमच्याकडं पावसाळ्यात रेंज कशी असते माहीत आहे. ब्लॅक स्क्रीन बघत बसण्यापेक्षा एसएसएच बरं.

टिळकवाडी_लॅब
हिशोब बरोबर, पण दर वेळी पूर्ण चित्र जात नाही. बीहाइव्हचा व्हीएनसी पडद्याचे ३२ बाय ३२ पिक्सेलचे चौकोन पाडतो, प्रत्येक चौकोनाची बेरीज मागच्या बेरजेशी ताडून बघतो आणि बदललेले तेवढेच पाठवतो. क्लायंटला चालत असेल तर झेडलिब या कॉम्प्रेशननं दाबून. लॉगिनचा पडदा नुसता उभा असेल तर जवळजवळ काहीच जात नाही. खिडकी ओढत फिरवलीस की मात्र हॉटस्पॉट रडणार. आणि एसएसएच मी काढून घेत नाहीय ग. रोजचं काम त्यावरच कर, पडदा अडल्यावेळी.

चिकोडी_मास्तर
मला भीती वेगळी वाटते. पडदा दिला की पोरं माऊस घेऊन बसतात. नेटवर्कची फाईल कुठं असते विचारलं तर ‘सर, ते गिअरचं चिन्ह’ असं उत्तर येतं. माझ्या मते पहिल्या वर्षाला पडदा देऊच नये. आणि याच पडद्यावर कुणी कॅड शिकवायचं स्वप्न बघत असेल तर तेही सोडा. हा साधा फ्रेमबफर आहे, सगळं चित्र सीपीयू काढतो. कास्टिंगचं थ्रीडी मॉडेल फिरवायला खरं ग्राफिक कार्ड पासथ्रू करून, म्हणजे थेट गेस्टच्या ताब्यात, द्यावं लागतं, आणि ते कार्ड तेवढा वेळ त्या एकाच मशीनचं.

उद्यमबागवाला
मास्तरांशी सहमत. आमच्या फाउंड्रीत कॅडवाल्यांना म्हणूनच वेगळी यंत्रं दिलीत.

बरं सर, देणारच असाल तर माझ्या दोन अटी. एक, व्हीएनसी फक्त १२७.०.०.१ वर (म्हणजे सर्व्हरच्या आतल्या आत) ऐकू दे, बाहेरून यायचं ते एसएसएचच्या बोगद्यानं. पासवर्ड लावला म्हणून निश्चिंत राहू नका, व्हीएनसीच्या त्या जुन्या पद्धतीत पहिली ८ अक्षरंच धरली जातात. व्हीएनसीचा ५९०० पोर्ट कॉलेजच्या नेटवर्कवर उघडा टाकलात तर शेजारचा पोरगा पहिल्याच दिवशी दुसऱ्याच्या पडद्यावर जाऊन बसेल. दोन, इन्स्टॉल झालं की एफबफची ओळ काढायची.

टिळकवाडी_लॅब
पहिली अट मान्य, बोगद्याशिवाय देणारच नव्हतो. दुसरी नाही. मशीन बिघडतं ते इन्स्टॉलनंतर, आणि तेव्हा पडदा परत जोडायला मशीन बंद करून चालू करावं लागतं. जी अडचण बघायची तीच पुसली जाते. मास्तरांचं मात्र ऐकतो, पहिल्या वर्षाला नाही.

उद्यमबागवाला
मग निदान उपकरणांच्या यादीत माऊसऐवजी टॅब्लेट (बाणाची नेमकी जागा सांगणारं नकली उपकरण) द्या, नाहीतर बाण एकीकडं आणि क्लिक दुसरीकडं होईल. बाकी माझा विरोध कायम.

जांबोटीकर
सर, एक विचारायचं राहिलं. माझ्या लॅपटॉपवर कानडी लेआउट लावून व्हीएनसीत टाइप केलं तर गेस्टमध्ये काहीच उमटत नाही, असं सीनिअर म्हणत होते. खरंय का?

टिळकवाडी_लॅब
खरंय. साधा व्हीएनसी क्लायंट तुझं दाबलेलं अक्षर पाठवतो आणि बीहाइव्ह त्यावरून कळ ओळखायला बघतो. त्याच्या तक्त्यात कानडी अक्षर नाही. लॅपटॉपवर इंग्लिश यूएस ठेव आणि कानडी-मराठीचं इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांचं कीबोर्ड लेआउट) गेस्टच्या आत लाव.

चिकोडी_मास्तर
आणि ते गेस्टच्या आत कसं लावायचं, गिअरच्या चिन्हात जाऊन ना? 😄