राजम्याचे मासे

"मुलं नुसते फासे टाकतात, प्रश्न कोणी वाचत नाही," हे पर्यावरण शिकवणाऱ्या खेळांबद्दलचं तुमचं म्हणणं 'गो गोल्स'बाबत मलाही पटतं. संयुक्त राष्ट्रांचा हा सापशिडीसारखा खेळ फुकट छापून घेता येतो, १७ शाश्वत विकास उद्दिष्टांची तोंडओळख होते. पण उत्तरं पाठ झाली की गंमत संपते.

त्यापेक्षा अमेरिकी शास्त्रज्ञ डेनिस मेडोज यांच्या 'फिश बँक्स' या मासेमारीच्या खेळाची कल्पना घ्या. ऐरोलीत आमच्या सोसायटीतल्या मुलांना मी ती राजम्यावर खेळायला देते. ताटात २० दाणे, म्हणजे खाडीतले मासे. चौघांनी न बोलता हवे तेवढे उचलायचे. उरतील तेवढेच नवे घालायचे, २० च्या वर मात्र नाही. पहिल्यांदा दुसऱ्याच फेरीत ताट रिकामं! सातवीतली एक मुलगी दोन्ही मुठी गच्च आवळून बसली होती, ताटाकडे बघून तिचा चेहरा उतरला. मग नव्या डावात मुलांनीच ठरवलं, दर फेरीला प्रत्येकी दोनच. ताट पुन्हा भरू लागलं.

एकाने विचारलं, "मावशी, सांडपाण्याने मरतात ते मासे कुठे धरायचे?" खरंच की! आपली ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, तरी हा प्रश्न मला सुचला नव्हता. आता दर फेरीला दोन दाणे आम्ही आधीच बाजूला काढतो.